टेराहर्ट्झचा झटका आणि अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी, इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे मित्र आणि काही जिज्ञासू वाचक यांनी वेळोवेळी विचारलेले हे प्रश्न आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावा लागतो. गणित शक्य तिथे टाळलं आहे. आकडे मात्र टाळलेले नाहीत, कारण या विषयाची सगळी गंमत आकड्यांत आहे.

टेराहर्ट्झ म्हणजे नेमकी कुठली लहर?

मायक्रोवेव्ह आणि अवरक्त प्रकाश यांच्या मधली. १ टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हेलकावे. तरंगलांबी ०.३ मिलिमीटर, एका हेलकाव्याला लागणारा वेळ १ पिकोसेकंद आणि एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ४.१ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. साधारणपणे ०.१ ते १० टेराहर्ट्झ या पट्ट्याला हे नाव देतात. खोलीच्या तापमानाला प्रत्येक वस्तूत खेळणारी उष्णतेची ऊर्जा सुमारे २६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे १ टेराहर्ट्झचा फोटॉन त्या धुमाळीत अक्षरशः हरवून जावा इतका लहान. ही तुलना लक्षात ठेवा, पुढे लागेल.

‘अतिजलद स्पंद’ म्हणजे किती जलद?

एक ते दीड पिकोसेकंदाचा. त्यात लहरीचा जेमतेम एक हेलकावा बसतो : विद्युत क्षेत्र एका दिशेला उसळतं, मग उलट दिशेला, आणि संपतं. लेझरच्या नेहमीच्या स्पंदात शेकडो-हजारो हेलकावे असतात, म्हणून तिथे ‘सरासरी तीव्रता’ हा शब्द चालतो. इथे सरासरी कशाची काढणार? क्षण न् क्षण क्षेत्र किती आणि कोणत्या दिशेला आहे, हेच सांगावं लागतं.

अरेषीय म्हणजे काय?

दुप्पट दिलं तर दुप्पट मिळतं, ते रेषीय. तसं झालं नाही की अरेषीय.

उदाहरण गणेशोत्सवाच्या मंडपातलं घ्या. लाऊडस्पीकरचा आवाज वाढवत नेला की एका मर्यादेपर्यंत गाणं नुसतं मोठं होत जातं. त्यापुढे आवाज ‘फाटतो’. अँप्लिफायरला आणखी वर जाता येत नाही, म्हणून गोलाईदार लहरीचे माथे सपाट होतात. सपाट माथ्याच्या लहरीत मूळ सुराखेरीज त्याच्या तिप्पट, पाचपट वारंवारतेचे सूर आपोआप शिरतात. मूळ गाण्यात नसलेले हे सूर यंत्राच्या मर्यादेतून जन्मलेले असतात. अर्धवाहकातल्या इलेक्ट्रॉनांना टेराहर्ट्झच्या प्रबळ क्षेत्राने ढकललं की त्यांचाही आवाज असाच फाटतो. तो कसा फाटला, यावरून इलेक्ट्रॉन आत कोणत्या मर्यादांना धडकले ते कळतं. हा सगळा विषय मला तरी त्या फाटलेल्या आवाजाचं निदान वाटतो.

फोटॉन इतका किरकोळ, मग अर्धवाहकात काही घडतंच कसं?

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे आणि बहुतेकांची वाट इथेच चुकते.

गॅलियम आर्सेनाइडचं पट्टा-अंतर १.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. म्हणजे संयुजा पट्ट्यातला (अणूंच्या बंधांत अडकलेला) इलेक्ट्रॉन वहन पट्ट्यात (जिथे तो मोकळा फिरतो) नेण्यासाठी इतकी ऊर्जा लागते. १ टेराहर्ट्झचे फोटॉन मोजत बसलो तर एका इलेक्ट्रॉनसाठी एका वेळी ३४०हून अधिक लागतील. असं काही घडणं अशक्यच वाटतं. चूक फोटॉन मोजण्यात आहे. या वारंवारतेला क्षेत्र इतकं सावकाश बदलतं की इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने तो प्रकाश उरतच नाही. तो सरळ एक धक्का असतो, जणू स्फटिकाला क्षणभर प्रचंड व्होल्टेजची बॅटरी जोडली.

धक्का किती, तेही पाहू. मोकळा इलेक्ट्रॉन हेलकावणाऱ्या क्षेत्रात सापडला की त्याच्या हलण्यात जी सरासरी ऊर्जा साठते, ती क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. सावकाश हेलकाव्यात इलेक्ट्रॉनला एकाच दिशेने धावायला जास्त वेळ मिळतो, म्हणून. गॅलियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉन असा वागतो की जणू त्याचं वस्तुमान मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट आहे. सेंटिमीटरला १ लाख व्होल्ट इतकं क्षेत्र १ टेराहर्ट्झने हेलकावत असेल, तर सूत्रानुसार ही ऊर्जा सुमारे १.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. पट्टा-अंतराहून जास्त! तितकंच प्रबळ क्षेत्र ८०० नॅनोमीटरच्या लेझरचं असेल, तर हाच आकडा सव्वा लाखांहून अधिक पटीने लहान होतो. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन इतकी ऊर्जा साठवण्याआधीच कशावर तरी आदळतो किंवा पट्ट्याचा आकार बदलतो. पण तो कुठवर ढकलला जाऊ शकतो याचा अंदाज यातून येतो.

म्हणून माझा आग्रह असतो : टेराहर्ट्झच्या अरेषीयतेचा विचार करताना आधी बल पाहा, फोटॉन नंतर.

इतक्या क्षेत्राने स्फटिक फुटत कसा नाही?

साध्या, स्थिर व्होल्टेजखाली गॅलियम आर्सेनाइड सेंटिमीटरला सुमारे ४ लाख व्होल्टला दम तोडतं. इलेक्ट्रॉनांची हिमलोट सुरू होते, प्रवाह वाढतो, तापमान चढतं आणि नमुना जळतो. जळायला मात्र वेळ लागतो. टेराहर्ट्झ स्पंद एका पिकोसेकंदात निघून गेलेला असतो आणि त्याची एकूण ऊर्जाही बहुधा मायक्रोज्यूलच्या घरात असते. त्यामुळे स्थिर व्होल्टेजने कधीच पाहता येणार नाही असा प्रदेश स्फटिक शाबूत ठेवून पाहता येतो. शिवाय तारा जोडाव्या लागत नाहीत, त्यामुळे धातू आणि अर्धवाहक यांच्या सांध्यावरचे घोळही नाहीत.

असे प्रबळ स्पंद तयार कसे करतात?

फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) लेझरचा स्पंद योग्य स्फटिकातून नेला की स्फटिक त्या स्पंदाची फक्त रूपरेषा ‘उचलतो’ आणि त्या आकाराची टेराहर्ट्झ लहर बाहेर टाकतो. यासाठी लिथियम नायोबेट फार गुणी स्फटिक आहे, पण त्याची एक अडचण होती. त्यात लेझरचा स्पंद टेराहर्ट्झ लहरीपेक्षा दुपटीहून अधिक वेगाने पळतो. दोघांची सोबत सुटते आणि लहर वाढत नाही.

हंगेरीच्या पेच शहरातले यानोश हेबलिंग आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये यावर तोडगा सुचवला : लेझर स्पंदाची आघाडी सुमारे ६३ अंशांनी तिरकी करायची. स्पंद पुढे पळत राहतो, पण त्याच्या तिरक्या आघाडीला काटकोनात जाणारी टेराहर्ट्झ लहर तिच्याबरोबरच सरकत राहते आणि वाटेत पोसली जाते. इतकी सुंदर आणि इतकी साधी भूमिती मी प्रकाशशास्त्रात फार कमी ठिकाणी पाहिली आहे. या वाटेने पुढे जात क्योटो विद्यापीठात हिदेकी हिरोरी, कोइचिरो तानाका आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये सेंटिमीटरला १२ लाख व्होल्टपर्यंत मजल मारली. सेंद्रिय स्फटिक आणि हवेतला प्लाझ्मा हेही मार्ग आहेत.

हिशोबासाठी एक ढोबळ आकडा देतो. १ मायक्रोज्यूल ऊर्जा, १ पिकोसेकंद कालावधी, १ मिलिमीटर व्यासाचा ठिपका : क्षेत्र साधारण ३ लाख व्होल्ट प्रति सेंटिमीटर.

आणि मोजतात कसे?

झिंक टेल्युराइड किंवा गॅलियम फॉस्फाइडच्या पातळ स्फटिकात टेराहर्ट्झ स्पंद आणि त्याहून कितीतरी छोटा लेझर स्पंद एकत्र सोडतात. टेराहर्ट्झचं क्षेत्र स्फटिकाचा अपवर्तनांक किंचित बदलतं आणि त्यामुळे लेझरचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, बदलतं. लेझर स्पंद थोडाथोडा उशिरा पाठवत गेलं की क्षेत्राचा आलेख बिंदूबिंदूने उलगडतो, चिन्हासकट. दृश्य प्रकाशाच्या नेहमीच्या मोजणीत फक्त तीव्रता हाती लागते, इथे लहर स्वतः दिसते.

एन-प्रकारच्या गॅलियम आर्सेनाइडमधून प्रबळ स्पंद जास्त पार जातो. हे उलटं नाही का?

उलटं वाटतं खरं, आणि नवख्याने इथेच थोडं थांबावं.

एन-प्रकारच्या नमुन्यात वहन पट्ट्यात आधीच मोकळे इलेक्ट्रॉन असतात. दुबळा टेराहर्ट्झ स्पंद त्यांना हलवतो, ते आदळतात, स्पंदाची ऊर्जा शोषली जाते. आदळणं महत्त्वाचं आहे. अवकाशातून प्रवास करणाऱ्या स्पंदाचं क्षेत्र जितकं एका बाजूला ढकलतं तितकंच दुसऱ्या बाजूला, त्याची बेरीज शून्य असते. साध्या पट्ट्यात मुळीच न आदळणारा इलेक्ट्रॉन स्पंद गेल्यावर होता तसाच उरेल आणि शोषणही होणार नाही.

आता क्षेत्र वाढवा. वहन पट्ट्याचा तळ म्हणजे एक अरुंद, खोल दरी. तिला गॅमा दरी म्हणतात, आणि तिथला इलेक्ट्रॉन हलका असतो. तिच्यापासून सुमारे ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट उंचीवर बाजूच्या दऱ्या आहेत, त्यांना एल म्हणतात. त्या रुंद आहेत आणि तिथे तोच इलेक्ट्रॉन कितीतरी जड वागतो. प्रबळ स्पंद इलेक्ट्रॉनांना एका हेलकाव्याच्या आत इतकं वर फेकतो की स्फटिकातल्या अणूंच्या जाळीच्या कंपनाचा एक धक्का बसताच ते बाजूच्या दरीत जाऊन पडतात. इलेक्ट्रॉन तेवढेच, पण आता जड. त्यांना हलवणं अवघड, म्हणून वाहकता घटते, शोषण घटतं आणि स्पंद जास्त पार जातो.

इलेक्ट्रॉन बाजूच्या दरीत चटकन जातात, गॅमा दरीत परतायला मात्र त्यांना काही पिकोसेकंद लागतात. त्यामुळे स्पंदाचा पुढचा भाग शोषला जातो आणि मागच्या भागाला वाट मोकळी मिळते, स्पंदाचा आकारच बदलतो. २००९मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा नमुना टेराहर्ट्झच्या नाभीतून पुढेमागे सरकवत हीच पारदर्शकता नोंदवली.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ही दऱ्यांची उडी जुनी ओळखीची आहे. आयबीएममध्ये जे. बी. गन यांनी १९६३मध्ये गॅलियम आर्सेनाइडला व्होल्टेज लावून जी मायक्रोवेव्ह दोलनं पाहिली, त्यांच्या मुळाशी हीच उडी होती. फरक इतकाच की गन डायोडमध्ये तिचा परिणाम दिसतो, टेराहर्ट्झ स्पंदाने उडी घडत असतानाच तिची नोंद घेता येते.

स्पंदामुळे इलेक्ट्रॉनांची संख्याही वाढते, हे खरं का?

खरं आहे, आणि मग शोषण वर सांगितलं त्याच्या नेमकं उलट, वाढतं. पट्टा-अंतर लहान असलं की हे सोपं. इंडियम अँटिमोनाइडचं अंतर जेमतेम ०.१७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. क्षेत्राने वेगात आलेला इलेक्ट्रॉन संयुजा पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनवर आदळतो आणि त्याला वर उडवतो. एकाचे दोन, दोनाचे चार. याला आघाती आयनीकरण म्हणतात.

गॅलियम आर्सेनाइडसारख्या रुंद अंतराच्या पदार्थातही ते घडतं, पण क्षेत्र फार मोठं लागतं. क्योटोच्या गटाने २०११मध्येच गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम विहिरींवर (इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या अतिपातळ थरांवर) १० लाख व्होल्ट प्रति सेंटिमीटरचा स्पंद सोडला, तेव्हा वाहकांची संख्या सुमारे हजारपट झाली आणि नमुना जवळच्या अवरक्त प्रकाशात चमकला. चार मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन आत, दीड इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे फोटॉन बाहेर. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आकडे पुन्हा तपासून पाहिले होते.

मग एकाच पदार्थात पारदर्शकता वाढेल की कमी होईल, हे आधी सांगता येतं का?

ढोबळपणे, हो. पट्टा-अंतर बाजूच्या दरीच्या उंचीपेक्षा कमी असेल तर आघाती आयनीकरण बाजी मारतं (इंडियम अँटिमोनाइड), जास्त असेल तर आधी दऱ्यांची उडी (गॅलियम आर्सेनाइड). मधल्या पदार्थांत दोन्ही एकाच वेळी चालतात आणि उत्तर क्षेत्र, मिश्रण नि तापमान यांवर ठरतं.

एकही मोकळा इलेक्ट्रॉन नसेल तर?

तर टनेलिंग. क्षेत्र इतकं वाढलं की पट्टे तिरके होतात, आणि संयुजा पट्ट्यातला इलेक्ट्रॉन पट्टा-अंतराच्या निषिद्ध भागातून आरपार निसटतो. क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४मध्ये ही कल्पना मांडली. फोटॉन मोजणं कधी सोडायचं आणि टनेलिंग कधी धरायचं, याची सीमारेषा लिओनिद केल्दिश यांनी १९६४मध्ये आखून दिली. टेराहर्ट्झ त्या रेषेच्या पार पलीकडे, टनेलिंगच्या बाजूला बसतं. प्रयोगात एवढं क्षेत्र मिळवण्यासाठी नमुन्यावर सोन्याच्या सूक्ष्म चौकटी छापतात. त्यांच्या फटीत क्षेत्र एकवटतं आणि सेंटिमीटरला १ कोटी व्होल्टच्या वर जातं.

ब्लॉख दोलन इथे दिसतं का?

स्फटिकात इलेक्ट्रॉनला सतत ढकलत राहिलं तर तो सतत वेग घेत नाही. पट्ट्याच्या कडेला पोहोचला की त्याचा वेग शून्यावर येतो आणि तो मागे फिरतो. हे भाकीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, पण साध्या स्फटिकात ते दिसत नव्हतं, कारण कडेपर्यंत पोहोचण्याआधीच इलेक्ट्रॉन आदळतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये १ टेराहर्ट्झच्या अर्ध्या हेलकाव्यात कड गाठायची, तर आदळणं सोडून देऊन हिशोब केला तरी सेंटिमीटरला साधारण सव्वादोन-अडीच लाख व्होल्ट लागतात. बर्लिनच्या माक्स बॉर्न संस्थेत २०१०मध्ये ३ लाखांच्या स्पंदाने प्रयोग झाला, आणि इलेक्ट्रॉन सुरुवातीचे काही शे फेम्टोसेकंद जवळजवळ न आदळता, पट्ट्याच्या वळणावरून धावताना आढळले.

त्याहून देखणा प्रयोग रेगेन्सबुर्ग आणि मारबुर्गच्या संशोधकांचा, २०१४चा. गॅलियम सेलेनाइडवर ३० टेराहर्ट्झचे, सेंटिमीटरला ७.२ कोटी व्होल्टचे स्पंद. काटेकोरपणे ३० टेराहर्ट्झ म्हणजे मध्य-अवरक्त, पण तर्क तोच. बाहेर पडलेल्या प्रकाशात २२व्या हार्मोनिकपर्यंतचे, म्हणजे मूळ वारंवारतेच्या २२ पटीपर्यंतचे सूर होते, म्हणजे वर्णपट थेट दृश्य प्रकाशात शिरला. आवाज फाटावा तर असा.

ग्राफीनचा उल्लेख सारखा का येतो? ते तर अर्धवाहक नाही.

पट्टा-अंतर शून्य असल्याने काटेकोरपणे नाही. पण २०१८मध्ये ड्रेस्डेनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रात ०.३ टेराहर्ट्झच्या लहरीपासून ग्राफीनच्या एका अणूजाडीच्या थराने तिसरं, पाचवं आणि सातवं हार्मोनिक दिलं, तेही सेंटिमीटरला काही दहा हजार व्होल्टवर, खोलीच्या तापमानाला. तिसऱ्याची कार्यक्षमता हजारात एकाच्या वर. कारण तिथले इलेक्ट्रॉन फार चटकन तापतात आणि फार चटकन निवतात, त्यामुळे हेलकावा चालू असतानाच वाहकता वरखाली होते.

प्रयोगात लोक कुठे चुकतात?

पहिली चूक क्षेत्र सांगण्यातली. हवेतलं क्षेत्र आणि नमुन्याच्या आतलं क्षेत्र वेगळं. गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक सुमारे ३.६, म्हणून पृष्ठभागातून आत जाणारं क्षेत्र हवेतल्याच्या ०.४३ पटच असतं. कोणतं सांगितलं आहे ते न पाहता दोन निबंधांची तुलना करू नये.

दुसरी चूक क्षेत्र कमी करण्याच्या पद्धतीतली. लेझरची शक्ती कमी करून टेराहर्ट्झ कमी केलं तर स्पंदाचा आकारही बदलू शकतो, मग बदल नमुन्यामुळे झाला की स्पंदामुळे, हे कळत नाही. तारांच्या ध्रुवकांची जोडी वापरावी किंवा शुद्ध सिलिकॉनच्या चकत्या मधे ठेवाव्यात. प्रत्येक चकतीमागे क्षेत्र सुमारे ७० टक्के उरतं.

तिसरी, मोजणाऱ्या स्फटिकाची. क्षेत्र फार मोठं झालं की झिंक टेल्युराइड स्वतःच अरेषीय उत्तर देऊ लागतो, आणि मोजपट्टीचं श्रेय नमुन्याला जातं. सिलिकॉनच्या चकत्या इथेही कामी येतात.

चौथी चूक हवेची. पाण्याची वाफ ०.५५७, ०.७५२ अशा ठरावीक वारंवारतांना टेराहर्ट्झ शोषते. जुलैतल्या मुंबईच्या हवेत कोरड्या नायट्रोजनने भरलेल्या पेटीशिवाय घेतलेला वर्णपट दातेरी करवतीसारखा दिसतो.

याचा उपयोग काय?

उद्या दुकानात मिळेल असं उपकरण शोधत असाल तर नाही. पण ट्रान्झिस्टर जितका लहान, तितकं त्याच्या आतलं क्षेत्र मोठं आणि इलेक्ट्रॉनचा प्रवास छोटा होत जातो. तिथे इलेक्ट्रॉन सरासरी वेगाने शांतपणे वाहत नाहीत, ते याच स्पंदांत दिसतात तसे उसळतात, दऱ्या बदलतात, धक्के देतात. त्या वागण्याचे थेट आकडे या प्रयोगांतून मिळतात, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोठा लाभ आहे. टेराहर्ट्झसाठी जलद स्विच आणि हार्मोनिक देणारे वारंवारता-गुणक यांवरही काम चालू आहे.

भारतात हे कुठे चालतं?

महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तिथे श्रीगणेश प्रभू यांचा गट अनेक वर्षं अर्धवाहकांपासून टेराहर्ट्झ निर्माण करणं आणि मोजणं यावर काम करत आला आहे. त्याच संस्थेतल्या जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने द्रवांत लेझरचा तंतू निर्माण करून प्रबळ टेराहर्ट्झ मिळवल्याचं २०१७मध्ये प्रसिद्ध केलं.

आणि एक जुनी गोष्ट. जगदीशचंद्र बोस कोलकात्यात १८९०च्या दशकात सुमारे ५ मिलिमीटरच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवर काम करत होते. लहरी टिपण्यासाठी त्यांनी गॅलेना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा स्फटिक वापरला आणि १९०४मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. गॅलेना अर्धवाहक आहे, आणि तो लहर टिपू शकतो याचं कारण त्याचा प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत नाही. लहर, अर्धवाहक, अरेषीयता : तिन्ही गोष्टी त्या टेबलावर होत्या.

मला शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू?

आधी एक इलेक्ट्रॉन संगणकात हलवून पाहा, त्याला एक दुपार पुरते. संवेगाचं समीकरण दोन पदांचं : क्षेत्राचं बल आणि आदळण्याचा अवरोध. आदळण्याचा काळ ०.२ पिकोसेकंद धरा, क्षेत्र १ टेराहर्ट्झचं, काही हेलकाव्यांचं घ्या. मग संवेगावरून वेग काढा, पण साध्या पट्ट्याच्या सूत्राने नाही. ऊर्जा वाढली की वस्तुमान वाढतं, हे त्यात घाला. गॅलियम आर्सेनाइडसाठी त्या वाढीचा गुणांक दर इलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे ०.६ आहे. नमुन्याच्या आत सेंटिमीटरला १ हजार व्होल्ट ठेवून वेगाचा आलेख काढा, तो क्षेत्रासारखाच गोलाईदार येईल. मग क्षेत्र ३० हजारांवर न्या. माथे बसके झालेले दिसतील. त्या आलेखाचं फूरिये रूपांतर घ्या, म्हणजे त्यातले सूर वेगळे करा, आणि ३ टेराहर्ट्झपाशी उगवलेलं टोक बघा.